काळ्यावर काळे

जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत विद्यार्थ्यांना ब्राह्मी लेख दाखवायला नेले, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "सर, इथे तर काहीच नाही." उजेड समोरून पडलेला असतो आणि काळवंडलेल्या कातळात अक्षरेही त्याच रंगाची. मग बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरायची. खोदीव रेषांच्या कडांना सावली धरते आणि अक्षर उठून येते. याच डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा, वर्ष ४६ चा लेख आहे. पलीकडे शिवनेरीवर इरिल, चिट अशा यवन दात्यांची नावे आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये हे लेख छापले, तेव्हापासून आपण ते कागदावर काळे-पांढरे वाचतो आणि मूळ लेख काळ्यावर काळा आहे हे विसरतो.

नेमका हाच विसर एका चित्रप्रदर्शनाच्या वाट्याला आला. १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे 'ब्लॅक आर्ट अँड अदर पेंटिंग्ज' हे प्रदर्शन भरले. त्यातील काळी चित्रे जाड काळ्या तैलरंगाने, काळ्यावरच काढलेली. समोर उभे राहिले तर निव्वळ अमूर्त काळा पृष्ठभाग. बाजूला सरकावे, तशी रंगाच्या उंचवट्यांवर उजेड घसरतो आणि एखादे मस्तक, एखादी नग्नाकृती, घरांची रांग प्रकट होते. ही चित्रे अमूर्त नव्हेत. पाहणाऱ्याने हालचाल करेपर्यंतच ती अमूर्त असतात. रंगाने केलेले असले तरी हे काम मला रेखाटनाचेच वाटते, कारण रंगभेद काढून घेतल्यावर उरते ती केवळ रेषा.

सूझा १९२४ साली गोव्यातील साळगावचे. लहानपणीच वडील गेले, देवी आल्या, त्यातून मुलगा वाचला म्हणून आईने नावात संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव जोडले. १९४५ मध्ये जे. जे. मधून काढले गेले, १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, १९४९ मध्ये लंडन गाठले. १९५५ च्या गॅलरी वनमधील प्रदर्शनाने नाव झाले.

मग हा काळा रंग आला कुठून? समीक्षक गोयाच्या 'काळ्या चित्रां'कडे बोट दाखवतात. इव्ह क्लेनचेही नाव घेतले जाते. त्याची एकरंगी चित्रे १९५७ मध्ये त्याच गॅलरी वनमध्ये लागली होती. दोन्ही पटण्याजोगे. पण क्लेनच्या निळ्यात आकृतीला जागाच नाही, आणि सूझाला आकृती सोडवत नाही. म्हणून हा संबंध मला वरवरचा वाटतो. गोव्यातील पाद्र्यांचे काळे झगे मला अधिक जवळचे वाटतात. शिवाय १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने राष्ट्रकुलातील स्थलांतरितांवर निर्बंध घातले होते. अशा शहरात गोव्याच्या माणसाने प्रदर्शनाला 'ब्लॅक आर्ट' म्हणावे, हे निव्वळ रंगाचे वर्णन असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्या शब्दांत काळी जादूही आहे, हा खास सूझाछाप खट्याळपणा. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले.

(त्याच १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या गायतोंडे यांनी १९८४ च्या अपघातानंतर कागदावर काळ्या शाईची छोटी रेखाटने केली. त्यांचा काळा शांत, सूझाचा भांडखोर. तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

आपल्याकडे सूझा म्हटले की विद्रूप मस्तके आठवतात, काळी चित्रे क्वचितच. त्याचे एक कारण अगदी साधे आहे : ती छापता येत नाहीत. कॅमेरा एकाच जागी उभा असतो. आकृती दिसावी म्हणून छायाचित्रकार उजेड वाढवतो, मग छापील पानावर करड्या रंगाचे असे चित्र उमटते, जे सूझांनी कधी काढलेच नव्हते. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावरून कादंबरी शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांना ही अडचण परकी नाही. वर्गात मी ती छायाचित्रे दाखवणे आता बंद केले आहे. त्याऐवजी मुलांना मानमोडीवर नेतो, बॅटरी त्यांच्याच हातात देतो आणि सूझांविषयी तिथे, भिंतीपाशी बोलतो.