अनुचित औषधयोजना, वृद्ध हृद्रोग्यांतील
ज्या औषधाचा संभाव्य अपाय वृद्ध रुग्णाच्या बाबतीत लाभापेक्षा अधिक ठरतो आणि ज्याला सुरक्षित पर्याय असतो, त्याची योजना. अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठी अशा औषधांची यादी केली. 2008 मध्ये आयर्लंडमधून ‘स्टॉप-स्टार्ट’ निकष आले. हे निकष अधिक न्याय्य वाटतात, कारण आवश्यक औषध न देणे हाही त्यांत दोष धरला आहे.

वयोमानाने मूत्रपिंडांची गाळणक्षमता घटते. पण स्नायूही झडल्याने रक्तातील क्रिॲटिनीन सामान्य दिसू शकते, आणि इथेच फसगत होते. मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारे डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध अशा वेळी शरीरात साचते. भूक मरते, मळमळते, नाडी मंदावते. ही लक्षणे म्हातारपणाची समजली जातात. म्हणून बीअर्स निकष दररोज 0.125 मिग्रॅ.पेक्षा अधिक मात्रा टाळायला सांगतात. हृदय दुर्बल असताना गुडघेदुखीसाठी घेतलेले आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक शरीरात मीठ-पाणी अडवते. पाय सुजतात, धाप लागते, मग मूत्रल औषध वाढवले जाते. खरे तर आधी वेदनाशामक थांबवायला हवे. रुग्णालयात दाखल होताना आणि घरी जाताना, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसह, सगळी औषधे पडताळावी लागतात. या पडताळणीत औषधे कमी करताना, नाडी मंद करणारे बीटारोधक मात्र एकाएकी बंद करू नये. हृदयशूल उसळू शकतो.