पलटण, नाव आणि राष्ट्र



सैन्याचा इतिहास म्हटला की लढाया आणि सेनापती यांचेच स्मरण होते. आज मी लढायांविषयी फारसे बोलणार नाही. सैन्याची जुनी घडी मोडून नवी कशी बसविली जाते आणि त्या उलथापालथीत शिपायाच्या निष्ठेचे काय होते, हा माझा विषय आहे. उदाहरण आपल्या परिचयाचेच घेतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे.

या रेजिमेंटच्या पहिल्या दोन पलटणी ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ आणि १७६९ साली उभ्या केल्या. त्या काळी हिंदुस्थानची अशी एक सेना नव्हती. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या तीन सेना होत्या. १८९५ साली त्या मोडून एक सेना करण्यात आली. लॉर्ड किचनर यांनी १९०३ साली सर्व पलटणींना सलग क्रमांक दिले, तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. १९२२ साली सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंट बनविल्या आणि प्रत्येकीला प्रशिक्षणासाठी स्वतंत्र बटालियन दिली.

या फेरबदलांतून ‘काळी पाचवी’ कशी गेली ते पाहा. ही मुंबई इलाख्याची पाचवी पलटण. १८४० साली बलुचिस्तानातील काहानचा किल्ला तिने झुंजून राखला आणि पुढच्याच वर्षी तिला ‘लाइट इन्फंट्री’ हा किताब मिळाला. १९०३ साली ती एकशेपाचवी झाली, १९२२ साली मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. कागदावर ती पाचवी पलटण उरली नाही; शिपायांच्या तोंडी मात्र ती ‘काळी पाचवी’च राहिली. क्रमांक कचेरीच्या मालकीचा, नाव पलटणीच्या मालकीचे.

या निष्ठेला दुसरी बाजूही आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी जाती-जमातींनुसार कंपन्या आणि पलटणी रचल्या, त्यामागे सारे शिपाई एक होऊ नयेत हाही हेतू होता. पलटणीवरचे प्रेम वाढावे, देशावरचे मात्र वाढू नये, असा तो हिशेब होता. स्वतंत्र भारताला वारसा मिळाला तो असा दुहेरी.

१९४७ साली फाळणीबरोबर सेनेचीही वाटणी झाली. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. खरी कसोटी लागली ती संस्थानी फौजांच्या विलीनीकरणात. कोल्हापूरच्या राजाराम रायफल्स, बडोद्याचे आणि हैदराबादचे पायदळ यांतील पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीत सामावल्या गेल्या. कालपर्यंत ज्यांनी छत्रपतींचे, गायकवाडांचे वा निजामाचे मीठ खाल्ले, त्यांनी आता प्रजासत्ताकाची शपथ घ्यायची होती. सरकारी हुकुमाने गणवेश बदलता येतो. मन बदलायला वेळ द्यावा लागतो. मला वाटते, त्या शिपायांना सुटे न विखुरता पलटणीच्या पलटणी सामावून घेतल्या, यातच मोठे शहाणपण होते.

नव्या वाटाही काढल्या गेल्या. १९४९ साली ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स उभी राहिली. तिच्यात साऱ्या देशाचे जवान एकत्र आले. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा मराठ्यांची तिसरी बटालियन तिची दुसरी बटालियन बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर विमानांतून उतरली ती हीच. १९६२ च्या पराभवानंतर डोंगरी युद्धासाठी खास डिव्हिजन उभारल्या गेल्या. पराभवाइतका कठोर आणि प्रामाणिक सल्लागार सैन्याला दुसरा मिळत नाही.

वरच्या पायरीवरचे काम मात्र रेंगाळले. १९५५ साली सरसेनापती हे पदनाम जाऊन तिन्ही दलांच्या सेनानींना दलप्रमुख म्हटले जाऊ लागले. त्यामुळे सैन्यावरील नागरी सत्ता दृढ झाली, परंतु तिन्ही दलांचा एकत्र विचार करणारे पद निर्माण व्हायला २०१९ साल उजाडले.

आणि २०२२ साली आली अग्निपथ योजना. चार वर्षांची सेवा, त्यानंतर अधिकाधिक पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम राहण्याची संधी. सेना तरुण राहावी, हा हेतू समजण्याजोगा आहे. तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो : ‘काळी पाचवी’सारखे नाव रक्तात भिनायला चार वर्षे पुरतील काय? उत्तर देण्याइतका काळ अजून लोटलेला नाही.

राष्ट्राची सेना पुन्हा पुन्हा रचावीच लागते. न रचली तर ती संग्रहालयात शोभेल. रचणाऱ्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे की, संकटाच्या घडीला शिपाई तक्त्यातल्या चौकोनासाठी उभा राहत नाही. तो उभा राहतो शेजारच्या सोबत्यासाठी, पलटणीच्या नावासाठी, आणि त्या नावातून ज्याची ओळख पटली त्या देशासाठी. ही साखळी न तोडता केलेला बदल टिकतो, असे गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मला सांगतो.