राजघाटावरील तंबू

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला राजघाट अपरिचित नाही. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना तेथे न्यावयाचे, हा आपल्या घरोघरचा रिवाजच आहे. परंतु आपल्या देशातील पाळणाघरांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण तेथेच सुरू झाले, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

१९६९ साली गांधी-शताब्दीच्या प्रदर्शनासाठी तेथे बांधकाम चालू होते. घमेली वाहणाऱ्या बायांची तान्ही मुले धुळीत पडलेली मीरा महादेवन यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांनी तेथेच तंबू ठोकून त्या मुलांची सोय केली. 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेचा आरंभ तो हाच. काम संपले की मजूर दुसरीकडे जाणार. तेव्हा पाळणाघरानेही त्यांच्यामागून जावे, ही त्यातील कल्पना. १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती खरी. पण ती कारखान्यातील स्त्रीपुरती. उघड्यावर राबणाऱ्या या बाईपर्यंत ती पोहोचत नव्हती.

मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि हा शब्द साऱ्या देशाचा झाला. पूरक आहार, लसीकरण, पूर्वप्राथमिक शिक्षण यांची व्यवस्था त्या योजनेने केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र अंगणवाडी दिवसातून काही तासच उघडी राही. मजुरीवर गेलेल्या आईचे तान्हे मूल संध्याकाळपर्यंत सांभाळणे हे तिचे काम ठरले नव्हते.

ही उणीव प्रत्यक्ष स्त्रियांना विचारल्यावाचून नीट उमगण्याजोगी नव्हती. १९८७ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने राज्याराज्यांत हिंडून असंघटित कष्टकरी स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि १९८८च्या 'श्रमशक्ती' अहवालात मुलांच्या सांभाळाची गरज ठासून मांडली.

पुढे कायदे झाले. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. हेतू चांगला, परंतु मोजणी केवळ स्त्रियांची असल्याने, त्यांची संख्या पन्नासच्या आत ठेवली की ठेकेदार मोकळा! २०१७च्या प्रसूती-लाभ दुरुस्तीने स्त्री-पुरुष सर्वच कर्मचारी मोजावयाचे ठरविले. २०२२ पासूनच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सोय झाली. अंगणवाडी देशभर नेणारी योजना सुरू झाल्यापासून तोवर ४७ वर्षे लोटली होती.

आज गुडगाव-नोएडाकडे उंच इमारती उठत आहेत. सरकार योजनांचे मसुदे प्रसिद्ध करून जनतेच्या सूचना मागविते, हे योग्यच होय. पण विटा वाहणारी बाई तो मसुदा केव्हा वाचणार, आणि सूचना कोणत्या टपालाने धाडणार? तिचे मत हवे असेल तर काम सुटण्याच्या वेळी तिच्यापाशी जाऊन विचारले पाहिजे. राजघाटावरचा तो तंबू मजूर बायांच्या कामाच्या जागीच उभा राहिला होता, हे योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.