अंगावरून वारं गेलं

शिरूर-दौंडकडची जुनी माणसं अजूनही 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात. पेपरवाले पक्षाघात म्हणतात, डॉक्टर स्ट्रोक. वाऱ्याचा मात्र काही संबंध नाही; भानगड सगळी मेंदूच्या रक्तपुरवठ्याची.

मराठी इतिहासातला सगळ्यात माहितीचा पक्षाघात म्हणजे महात्मा फुल्यांचा. ११ मे १८८८ ला मुंबईत लोकांनी 'महात्मा' म्हणून गौरवलं आणि जुलैत उजवी बाजू लुळी पडली. वय ६१. डॉ. विश्राम घोले यांनी उपचार केले. जोतिरावांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८८९ मध्ये पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पुस्तक छापून आलं १८९१ ला.

शाळेत ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला वेगळाच प्रश्न पडतो: नेमकं झालं काय होतं? उजवी बाजू गेली म्हणजे बिघाड मेंदूच्या डाव्या अर्ध्यात. भाषेचं केंद्रही बहुतेकांचं तिथेच असतं. त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे ते केंद्र बरंचसं वाचलं असावं (हा आपला माझा अंदाज). पण रक्तवाहिनी तुंबली की फुटली? हे घोलेच काय, लंडनचा डॉक्टरही खात्रीने सांगू शकला नसता. सेम एरर मेसेज, रूट कॉज दोन, आणि लॉग बघायची सोयच नाही! साधारण दहातल्या आठांना गुठळी अडकलेली असते, बाकीच्यांची वाहिनी फुटते. बाहेरून सगळं सारखंच: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड. फरक दाखवणारं सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर झालं १९७१ मध्ये. दोन्हीमागचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ब्लडप्रेशर. ते मोजायचा दंडाचा पट्टा आला १८९६ ला, जोतिराव गेल्यावर सहा वर्षांनी. मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके ही कारणं आहेतच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अमेरिकेत १९९६ ला मंजूर झालं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वाहिनी फुटलेली असेल तर तेच जिवावर बेततं, म्हणून आधी स्कॅन. घरच्या घरी ॲस्पिरिन द्यायची नाही, तीही याचसाठी.

आता गंमत बघा. दौंडवरून रेल्वे १८५८ पासून आहे. १८८८ मध्ये दौंडचा रुग्ण गाडीने पुण्यात पोचला असता, पण पुण्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आज पुण्यात सगळं आहे, आडवं येतं ते घड्याळ. शिरूरहून साधारण ७० किलोमीटर, वर वाघोलीचा ट्रॅफिक. त्याआधी 'जरा पडू दे, बरं वाटेल', मग मालिश, मग कुणीतरी सांगितलेलं झाडपाल्याचं औषध. साडेचार तास मोजायचे ते त्रास सुरू झाल्यापासून, हॉस्पिटलच्या दारापासून नव्हे. झोपेत झटका आला तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. त्यामुळे १०८ ला फोन करताना ती वेळ आधी सांगा, आणि स्कॅनची सोय कुठे आहे ते विचारा.

आणि दहा मिनिटांत हात आपोआप चालायला लागला तर? तोही झटकाच, छोटा. मोठा येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं.