सिक्लिड मत्स्यालय (नागपूर परिसर)

सिक्लिडी कुलातील माशांसाठी घरात मांडलेली काचेची टाकी. या कुलाच्या दीड हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि दक्षिण भारत–श्रीलंका हे त्यांचे मुख्य मूळ प्रदेश. दुकानातले एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे सारे सिक्लिडच. उजनी धरणातल्या जाळ्यांत भरभरून येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीदेखील त्यांचीच भावकी. अंडी-पिलांची राखण करणे आणि त्यासाठी टाकीचा एखादा कोपरा अडवून बसणे हा या माशांचा स्वभाव. पाळणाऱ्याला त्याचे कौतुक वाटते. शेजारच्या माशाचे पर मात्र त्यातच फाटतात.

नागपुरात कोणता सिक्लिड पाळावा हे पाणी आणि मे महिना या दोन गोष्टी ठरवतात, आणि त्या दोहोंचे आपसात पटत नाही. नळाचे पाणी पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते, त्यात क्लोरीन असतो. बोअरवेलचे पाणी सहसा जड असते. कूलरच्या ताट्यांवर उन्हाळाभरात पांढरा थर चढत असेल, तर पाण्याची वेगळी परीक्षा करायला नको. पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच ७.७ ते ८.६ असतो, त्यामुळे तिथल्या माशांना हे जड पाणी मानवते. अॅमेझॉन खोऱ्यातला डिस्कस मात्र मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. तापमानाचा हिशेब नेमका उलटा आहे. मलावीचे मासे २४ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये रमतात आणि ३० च्या वर अस्वस्थ होतात. डिस्कस आणि रॅमिरेझी हा छोटा सिक्लिड यांना २८ ते ३० अंश हवेच असतात. थोडक्यात, पाणी मलावीच्या बाजूने आणि उन्हाळा डिस्कसच्या.

भारतात शोभिवंत माशांची पैदास मुख्यतः कोलकाता परिसरात आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेली ही पैदास पीएचबाबत जंगली माशांइतकी हट्टी नसते, उष्म्याबाबत मात्र सवलत देत नाही. तरीही नवशिक्याने मलावीकडेच वळावे. डिस्कससाठी नळाच्या पाण्यात आरओचे पाणी मिसळत राहणे हे बारमाही काम आहे, तर उष्मा थोपवण्याचे काम दोन-अडीच महिन्यांत संपते.

सोबती निवडताना सर्वांत मोठा घोटाळा दुकानातल्या ‘मिक्स आफ्रिकन’ पिलांनी होतो. दोन इंचांची ही पिले सारखीच गोंडस दिसतात. त्यांत पिवळाधमक लॅबिडोक्रोमिस सेरुलियस निघाला तर नशीब. तो खडकांत राहणाऱ्या ‘म्बूना’ गटातला सर्वांत सोशिक मासा. त्याच गटातले ऑराटस आणि केनी मोठे झाले की टाकीत दहशत माजवतात. केनीची पिले आणि माद्या निळ्या, तर प्रौढ नर पिवळा. त्यामुळे निळा मासा आणला आणि वर्षभरात पिवळा गुंड झाला, अशी तक्रार होते. म्बूना दोन-तीन ठेवले तर सगळा राग एका दुबळ्यावर निघतो. म्हणून चार फुटी टाकीत पंधरा-वीस ठेवतात, एका नरामागे तीन-चार माद्या धरतात आणि लपायला भरपूर कपारी करतात. गर्दी हाच इथे शांततेचा उपाय. अर्थात फिल्टरही तेवढा दणकट लागतो.

मलावीचेच, पण खडक आणि वाळू यांच्या सीमेवर राहणारे पीकॉक (ऑलोनोकारा) म्बूनांसोबत ठेवू नयेत. ते स्वभावाने मवाळ, शिवाय खाणेही वेगळे. म्बूना खडकावरचे शेवाळ खरवडून खातात. त्यांना वारंवार ब्लडवर्म दिले तर पोट फुगून दगावतात. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या सारख्याच मातकट असतात, त्यामुळे एका टाकीत संकर ठरलेला. रंगासाठीच टाकी हवी असेल तर वेगवेगळ्या जातींचे फक्त नर ठेवणे बरे.

अमेरिकी सिक्लिडांचे गणित सोपे आहे. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. त्याला चार फुटी टाकी पुढे अपुरीच पडते. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात घडवलेला संकर. कपाळावरच्या टेंगळामुळे तो भाग्याचा मानला जातो आणि दिवाणखान्यात येतो. त्याला सोबती शोधूच नये. एंजलबरोबर निऑन टेट्रा ठेवले तर मोठा झालेला एंजल ते रातोरात फस्त करतो. आपल्या किनारपट्टीवरचा नारिंगी क्रोमाइड मात्र उगाच दुर्लक्षित आहे. गोव्यातल्या कालुंदर माशाचा हा बोटभर नातलग जड, किंचित खारे पाणी आणि ऊब दोन्ही सोसतो. नागपूरला तोच सर्वांत शोभावा; दुकानात तो क्वचित दिसतो, एवढीच अडचण.

मांडणीसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी हे किमान माप धरावे. तीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी बसते. दगड, काच, स्टँड धरून वजन साडेतीनशे किलोवर जाते. घरातली स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबाने बांधतात. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईजवळ ठेवावी. तळाला कन्हानची वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुऊन चालते. दगड आधी थेट काचेच्या तळावर, पातळ थर्माकोल घालून रचावेत आणि वाळू नंतर ओतावी. हे मासे वाळू उकरतात आणि वाळूवर रचलेला ढीग ढासळून काच फुटते. काळा बेसाल्ट उत्तम. मनसरकडचे मँगनीजचे चकचकीत दगड कितीही मोहक दिसले तरी टाकीत घालू नयेत. लिंबू पिळल्यावर फेस येणारा चुनखडीचा दगड पाणी आणखी जड करतो. तो मलावीला चालतो, डिस्कसला नाही.

नव्या टाकीत मासे लगेच सोडत नाहीत. विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. या अमोनियाचा विषारी अंश पीएच आणि तापमानासोबत वाढतो. पीएच ७ आणि २५ अंशांना तो एकूण अमोनियाच्या अर्धा टक्का असतो, पीएच ८.३ आणि ३० अंशांना सुमारे १४ टक्के. मलावीची टाकी उन्हाळ्यात अचानक का कोसळते, याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले प्राणवायूत: २५ अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, ३२ अंशांना ७.३ पर्यंतच.

म्हणून मे महिन्यात खाणे निम्मे करतात, एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवतात आणि काचेचे झाकण काढून जाळी टाकतात. पाण्यावर छोटा पंखा सोडला की कोरड्या हवेत बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करावी, कारण क्षार उडत नाहीत. बर्फाच्या बाटल्यांनी पाणी झपकन गार होऊन तितक्याच झपकन तापते. त्या चढउतारानेच मासे आजारी पडतात. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलायचे ते पहाटे. दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी चटका देते. नळाचे पाणी असेल तर अँटिक्लोरीन आधी घालावे. वळवाच्या वादळात तासन्‌तास वीज जाते, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकी वाचवतो. डिसेंबर-जानेवारीत उलट २०० वॅटचा हीटर लागतो. रात्रीचा पारा दहाच्या आसपास आला की हीटर नसलेल्या टाकीतल्या माशांवर पांढरे ठिपके दिसू लागतात.

म्बूना मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि सुमारे तीन आठवडे खात नाही. टाकीत अशी पैदास वरचेवर होते. जास्तीची पिले दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या मोझांबिक तिलापियाने देशभरच्या जलाशयांत स्थानिक माशांची जागा बळकावली आहे.