सर्दी आणि प्रतिजैविके : एका प्रथेचा पूर्वेतिहास

सर्दी-पडसे जीवाणूंमुळे होत नाही, याचा प्रायोगिक पुरावा पेनिसिलिनच्या शोधाच्याही आधीचा आहे. लाइपझिग येथील वाल्टर क्रूझ यांनी 1914 मध्ये सर्दी झालेल्या सहायकाच्या नाकातील स्राव जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून 12 सहकाऱ्यांच्या नाकात सोडला, तेव्हा त्यांपैकी 4 जणांना सर्दी झाली. गाळणीतून पार गेलेला हा घटक म्हणजेच विषाणू, ज्यावर जीवाणूंना मारणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांचा, म्हणजे प्रतिजैविकांचा, काहीही परिणाम होत नाही.

इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे युद्धकाळातील रुग्णालयाच्या बराकींत 1946 पासून सर्दीचे संशोधन केंद्र चालू झाले, तेथे स्वयंसेवक सुमारे दहा दिवस इतरांपासून दूर राहत, काहींच्या नाकात विषाणूयुक्त आणि काहींच्या नाकात निरुपद्रवी द्रव सोडला जाई आणि स्राव किती वाढला हे ठरवण्यासाठी वापरलेल्या कागदी रुमालांचे वजनही केले जाई. डेव्हिड टायरेल यांच्या चमूने 1960 च्या सुमारास पेशींचे संवर्धन शरीराच्या 37 अंशांऐवजी नाकातल्यासारख्या 33 अंश सेल्सिअसवर केले, तेव्हा कोठे ऱ्हायनोव्हायरस हे सर्दीचे प्रमुख विषाणू प्रयोगशाळेत भरभरून वाढू लागले.

तरीही त्याच काळात अमेरिकेत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, वेदनाशामके, अँटिहिस्टामिन आणि कॅफीन एकत्र केलेले ‘अ‍ॅक्रोसिडिन’ सर्दीसाठी विकले जात होते. पुढे होऊ शकणारा जीवाणूसंसर्ग आधीच टळेल, हा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि सर्दीत प्रतिजैविके देण्याच्या प्रथेचे खरे मूळ अज्ञानापेक्षा या अतिसावधगिरीत शोधावे लागते. औषधाची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती तेथे 1962 च्या कायद्याने केली आणि त्यानंतरच्या छाननीत अशी मिश्रणे मागे पडली. स्राव हिरवा-पिवळा झाला की प्रतिजैविक हवेच, हा समज मात्र टिकला. वास्तविक तो रंग शरीराच्याच पांढऱ्या पेशींतील हिरवट विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनामुळे, येतो आणि साध्या विषाणूजन्य सर्दीतही दिसतो.

या सवयीची किंमत पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच सांगितली होती : घसा दुखतो म्हणून स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेणाऱ्या एका काल्पनिक माणसाकडून औषधाला न जुमानणारे जीवाणू त्याच्या पत्नीपर्यंत पोहोचतात आणि ती दगावते. भारतात पुण्याजवळ पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन होऊन पेनिसिलिन देशातच बनू लागले, ही रुग्णांच्या दृष्टीने मोठीच उपलब्धी होती. विक्रीवरील देखरेख मात्र फार मागे राहिली. निवडक प्रतिजैविकांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर ‘एच-1’ परिशिष्टाने थेट 2014 मध्ये आले, आणि सर्दी-खोकल्यात सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन त्या यादीत नव्हतेच.