थडगें, राक्षसी आणि हृदयाची साक्ष

प्राचीन इजिप्तांतील लोक थडग्याला 'अनंतकाळाचें घर' म्हणत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणें मृताची न्यायसभेकडे जाणारी वाट तेथूनच सुरू होई. अनी नांवाच्या राजलेखकाच्या पपायरसावर ही सभा चितारलेली आहे. इ. स. पूर्व सुमारें १२५० मधील हा पट ब्रिटिश म्युझियमनें १८८८ सालीं मिळविला. तराजूच्या एका पारड्यांत मृताचें हृदय आहे, तर दुसऱ्यांत सत्यदेवता मात हिचें पीस. शेजारीं अम्मित ही राक्षसी टपलेली आहे. तिचें तोंड मगरीचें, पुढचें अंग सिंहाचें आणि मागचें पाणघोड्याचें. नाईलकांठच्या माणसाला ज्यांचें भय वाटे, तीं तीन जनावरें तिच्यांत एकवटलीं आहेत. पापानें हृदय जड भरलें, कीं ती तें गिळी; मग पुनर्जीवनाची आशा उरत नसे.

परंतु ही राक्षसी आपण होऊन झडप घालीत नाहीं. ती निकालाची वाट पाहते. प्रेताच्या छातीवर शेणकिड्याच्या आकाराचा दगडी ताईत ठेवीत. त्यावर कोरलेली विनवणी राक्षसीला नसे, स्वतःच्या हृदयाला असे: न्यायसभेंत त्यानें आपल्याविरुद्ध साक्ष देऊं नये. माणसाला खरें भय या साक्षीचेंच होतें. अम्मित ही त्या भयाची मूर्ति होय.